बर्गरची बांधणी आणि बर्गरच्या दुकानांची पारख

बर्गर बिघडतो तो बहुतेक वेळा मसाला कमी पडल्याने नव्हे, तर ओलावा नको तिथे गेल्याने. टोमॅटोचे पाणी बनमध्ये मुरते, टिक्कीची वाफ बनच्या आतल्या बाजूला साचते, मांसाचा रस तव्यावरच निघून जातो, आणि शेवटी खाणाऱ्याच्या एकाच घासात कोरडा गोळा आणि ओला लगदा असे दोन्ही येतात. घरी बर्गर करताना प्रत्येक थराला एकच प्रश्न विचारावा: याच्यातले पाणी आणि स्निग्धांश कुठे राहायला हवेत, आणि ते तिथेच राहतील यासाठी काय करायचे? हाच प्रश्न बाहेरच्या दुकानांनाही लावला, तर त्यांची तुलना जाहिरातीवर, आकारावर किंवा छायाचित्रावर अवलंबून राहत नाही.

बन

चांगला बन मऊ असतो, पण दाबल्यावर पुन्हा वर येतो. लादीपाव वापरायला हरकत नाही, पण तो हलका आणि कोरडा असल्याने रस लगेच शोषतो व जाड पॅटीखाली फाटतो. पातळ टिक्कीसाठी मात्र तो उत्तम चालतो. बेकरीतून बन आणायचा असेल तर त्याच दिवशी भाजलेला मागावा आणि बोटाने हलकेच दाबून पाहावा. खळगा तसाच राहिला तर बन शिळा आहे किंवा पीठ गरजेपेक्षा जास्त फुगवलेले आहे, असे समजावे.

घरी बन करण्याची तयारी असेल, तर पिठाचा थोडा भाग आधी शिजवून घेण्याची पूर्व आशियातील पद्धत अवश्य वापरावी. २० ग्रॅम मैदा १०० मिलिलिटर दुधात कालवून मंद आचेवर ढवळत राहावे आणि पिठल्यासारखा दाटपणा आला की उतरवून गार करावे. शिजलेला स्टार्च आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि पीठ मळताना मात्र फारसे चिकट होत नाही. या मिश्रणात ३०० ग्रॅम मैदा, ९० मिलिलिटर कोमट दूध, एक अंडे, ३० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालून दहा मिनिटे मळावे, मग ४० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे घालत पीठ ताणल्यावर पातळ पापुद्रा दिसेपर्यंत मळत राहावे. अंडे नको असेल तर त्याऐवजी साधारण ४० मिलिलिटर दूध वाढवावे. पीठ दुप्पट फुगल्यावर सुमारे ८० ग्रॅमचे आठ गोळे होतात. ते ताटात हलके चपटे करून पुन्हा फुगू द्यावेत आणि वरून दूध लावून १८० अंश सेल्सिअसवर सोळा ते अठरा मिनिटे भाजावेत. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात पीठ पाऊण तासातच फुगते, तर डिसेंबरात त्याला दीड तासही लागतो. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे.

बन घरचा असो वा बाहेरचा, त्याच्या कापलेल्या बाजू लोण्यावर तव्यावर शेकल्याशिवाय तो वापरू नये. शेकलेल्या पृष्ठभागावर स्निग्धांशाचा आणि कुरकुरीतपणाचा एक थर तयार होतो व तो रसाला काही काळ अडवतो. अनेक घरांत नेमकी हीच पायरी वगळली जाते, आणि मग बर्गर ताटात येईपर्यंत खालच्या बनचे बूड गळून पडते.

मांसाची पॅटी

महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुधा बोकडाचे मांस, आणि ते मुळात कमी चरबीचे असते. नुसत्या तशा मांसाची पॅटी केली की ती कोरडी आणि रवाळ लागते. खाटकाकडे खांद्याचे मांस मागावे, त्यात वजनाच्या साधारण एक पंचमांश चरबी घालायला सांगावी आणि खिमा मोठ्या जाळीतून एकदाच काढून घ्यावा. दोनदा बारीक काढलेला खिमा कबाबासाठी योग्य असतो, बर्गरसाठी नाही. बोकडाची चरबी थंड होताच गोठून टाळूला चिकटते, त्यामुळे मटणाचा बर्गर तव्यावरून थेट ताटात आला पाहिजे. पाहुणे यायच्या आधी करून ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

कोंबडीसाठी छातीऐवजी मांडीचे मांस घ्यावे. त्याचा खिमा चिकट असल्याने हाताला तेल लावून पॅट्या कराव्यात आणि तव्यावर टाकण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात; अर्धा किलो खिम्याला एक मोठा चमचा गार लोणी किसून घातल्यास फरक लगेच जाणवतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे राज्यातील मेनूवर ‘बीफ’ किंवा ‘बफ’ असे जे लिहिलेले असते ते म्हशीचे वा रेड्याचे मांस असते. त्याची चव खणखणीत असते, पण चरबी कमी असते, त्यामुळे मटणाचाच नियम तिथेही लागू होतो. गोव्याकडच्या वाचकांना चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे तिखट-आंबट गोवन सॉसेज, घालण्याचा मोह होईल, आणि तो रास्तही आहे. मात्र त्यात मीठ, व्हिनेगर आणि मिरची आधीच भरपूर असल्याने तो साध्या डुकराच्या खिम्यात थोडासाच मिसळावा आणि वेगळे मीठ घालू नये.

आता मिठाविषयी, कारण घरच्या बर्गरमधील सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. मीठ खिम्यात कालवून ठेवले की मांसातील काही प्रथिने विरघळतात आणि खिमा एकमेकांना घट्ट धरतो. सॉसेजमध्ये हा गुण हवा असतो. बर्गरमध्ये मात्र त्यामुळे पॅटी रबरासारखी होते. म्हणून खिमा न मळता हलक्या हाताने फक्त जुळवावा आणि मीठ व भरड मिरपूड तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून पेरावी. आले-लसूण, कोथिंबीर, कच्चा कांदा आणि गरम मसाला खिम्यात घालण्याची आपल्याकडे इतकी सवय आहे की साधा खिमा पाहून स्वयंपाक करणाऱ्याचा हात आखडतो. पण कांद्याचे पाणी खिम्यात उतरले की पॅटीला तव्यावर रंग येण्याऐवजी ती वाफेवर शिजते, आणि तयार होतो तो बनमध्ये ठेवलेला शामी कबाब. तोही चविष्ट असतो, याबद्दल वाद नाही. मसाल्याची हौस सॉसमध्ये भागवावी.

पॅटी दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार दाबलेल्या पातळ पॅटीचा. ८० ग्रॅमचा थंड गोळा धूर निघण्याच्या बेतात तापलेल्या बिडाच्या किंवा जाड लोखंडी तव्यावर ठेवावा, त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून सपाट उलथण्याने किंवा दुसऱ्या जड भांड्याच्या बुडाने पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबून पसरवावा आणि मग त्याला हात लावू नये. त्या अर्ध्या मिनिटात चरबी अजून घट्ट असते, त्यामुळे दाबल्याने रस जात नाही. उलट मांसाचा जास्तीत जास्त भाग तव्याला टेकतो आणि त्यावर गडद तपकिरी, खमंग थर चढतो. हा थर १४० अंशांच्या वर प्रथिने आणि शर्करा यांच्यात होणाऱ्या अभिक्रियेतून तयार होतो, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तवा पुरेसा तापलेला का हवा, याचे उत्तर एवढ्यातच आहे. दीड-दोन मिनिटांनी कडा जाळीदार झाल्या की पॅटी खरवडून उलटावी, चीज ठेवावे आणि पाऊण मिनिटाने काढावी. एका बर्गरमध्ये अशा दोन पॅट्या असाव्यात. नॉनस्टिक तव्यावर हे काम नीट होत नाही, शिवाय तो इतका तापवणेही योग्य नाही.

दुसरा प्रकार जाड पॅटीचा: १५० ग्रॅम, साधारण दोन सेंटिमीटर जाडी, बनपेक्षा थोडी रुंद, कारण शिजताना ती आकसते. कडेपेक्षा मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करावा, म्हणजे पॅटी फुगून चेंडूसारखी होत नाही. ही पॅटी मध्यम-तेज आचेवर, दर मिनिटाला उलटली तरी चालते, पण दाबायची मात्र नाही. चरबी वितळल्यानंतर दिलेला प्रत्येक दाब रस तव्यावर सांडतो. खिम्यात बाहेरचा भाग आत मिसळलेला असल्याने तो अर्धाकच्चा खाणे धोक्याचे आहे. मटण, म्हशीचे मांस वा डुकराचे मांस आतून ७१ अंश आणि कोंबडी ७४ अंश झाली पाहिजे. स्वयंपाकाचा डिजिटल तापमापक आता सहज मिळतो. त्याने अंदाजाचे काम संपते.

दोन्हींत माझा कल पातळ पॅटीकडे आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या कमी चरबीच्या मांसाला ती अधिक मानवते, आणि आतून पूर्ण शिजूनही तिची चव जात नाही.

शाकाहारी पॅटी

बटाट्याच्या टिक्कीची अडचण निराळी आहे. बन हा स्टार्च, टिक्कीही स्टार्च. दोन्ही मऊ असले की घासाला काही पोतच राहत नाही. टिक्कीचे बाहेरचे आवरण खरोखर कुरकुरीत हवे, आणि सोबत आंबटपणा हवा. बटाटे सालासकट उकडावेत, म्हणजे ते पाणी कमी पितात, आणि उकडल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. थंड झालेल्या बटाट्यातील स्टार्च घट्ट होतो, त्यामुळे किसल्यावर त्याची लापशी होत नाही. बांधणीसाठी ब्रेडक्रम्सऐवजी कोरडे पोहे मिक्सरमधून काढून घालावेत. ते उरलेला ओलावा शोषून घेतात. वाफवलेले मटार पुसून घ्यावेत. ९० ग्रॅमची टिक्की मैदा-कॉर्नफ्लोअरच्या पातळ घोळात बुडवून ब्रेडक्रम्समध्ये घोळवावी, वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी आणि मगच तळावी.

मशरूमची पॅटी करायची असल्यास मशरूम बारीक चिरून रुंद कढईत मोठ्या आचेवर, त्यांचे पाणी पूर्ण आटून ते तपकिरी होईपर्यंत परतावेत. अर्धा किलो मशरूम परतून मूठभर उरतात, हे पाहून घाबरू नये. त्यात शिजवून पसरून वाळवलेला राजमा आणि अक्रोडाचा भरड कूट घातल्यास बटाट्यापेक्षा भारदस्त पॅटी होते. पनीरचा सबंध तुकडा तळून ठेवणे सर्वांत सोपे, आणि माझ्या मते सर्वांत निरस. पनीर वितळत नाही, रस सोडत नाही, आणि घास संपेपर्यंत त्याची चव तशीच सपाट राहते.

चीज, सॉस आणि भाज्या

बर्गरवर प्रक्रिया केलेल्या चीजची स्लाइस वापरण्यात कमीपणा काही नाही. तिच्यातील इमल्सिफायर क्षारांमुळे चीज वितळताना तूप आणि प्रथिने वेगळी होत नाहीत आणि सॉससारखा एकसंध थर पॅटीवर बसतो. महागडे, मुरलेले चेडर चवीला सरस असते, पण तापल्यावर तूप सोडते.

सॉससाठी तीन मोठे चमचे मेयोनीज, एक मोठा चमचा केचप, एक लहान चमचा मोहरीचा सॉस आणि बारीक चिरलेले काकडीचे लोणचे एवढे पुरे. येथे लसणाची सुकी चटणी अर्धा चमचा घातली, तर सॉसला मराठी वळण येते आणि पॅटी बिघडत नाही. बर्गरचे आंबट लोणचे भारतात पिकणाऱ्या लहान काकड्यांचे असते, आणि त्यांचे बहुतेक उत्पादन परदेशी जाते. बरणी मिळाली नाही तर साध्या कोवळ्या काकडीच्या चकत्या अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ आणि थोडी मोहरी यांत अर्धा तास बुडवून ठेवाव्यात.

कांदा अगदी पातळ चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवला की त्याचा उग्रपणा जातो. टोमॅटोची चकती मीठ लावून कागदावर निथळत ठेवावी. पावसाळ्यातला पांचट टोमॅटो सरळ वगळावा. आइसबर्ग लेट्यूस धुतल्यानंतर फडक्यात गुंडाळून पूर्ण कोरडे करावे. ते मिळत नसेल तर कोबीची कोवळी पाने बारीक चिरून वापरावीत. पालकाचा हट्ट धरू नये.

थरांचा क्रम असा ठेवावा: शेकलेला खालचा बन, त्यावर सॉस, त्यावर कोरडे लेट्यूस, मग चीजसकट पॅटी, कांदा, लोणचे, हवाच असेल तर टोमॅटो, आणि सॉस लावलेला वरचा बन. लेट्यूस पॅटीच्या खाली ठेवल्याने ते थोडे कोमेजते, पण पॅटीचा रस खालच्या बनपर्यंत जायला वेळ लागतो, आणि हा सौदा फायद्याचा आहे. पातळ पॅटीचा बर्गर बटर पेपरात गुंडाळून एक मिनिट ठेवल्यास आतल्या वाफेने बन आणखी मऊ होतो व थर एकमेकांत बसतात. तळलेल्या टिक्कीचा बर्गर मात्र कधीही गुंडाळू नये. ज्या बर्गरला उभे ठेवण्यासाठी काडी लागते आणि खाण्यासाठी सुरी, तो जास्त उंच झाला आहे.

दुकानांची तुलना

तुलनेचा पहिला नियम हा की एकाच जातीच्या दुकानांची आपसांत तुलना करावी. शहरात किमान चार जाती आहेत: काचेच्या कपाटात व्हेज बर्गर ठेवणाऱ्या अय्यंगार बेकऱ्या, मोठ्या साखळ्या, पुण्याच्या कॅम्पसारख्या जुन्या वस्त्यांतील मांसाहारी दुकाने, आणि अलीकडची पातळ पॅटीची छोटी दुकाने व कॅफे. बेकरीतला बर्गर हा सकाळी केलेला, थंड, गोडसर बनचा आणि स्वस्त पदार्थ आहे. त्याला विचारण्याचा प्रश्न एकच, की टिक्की कधी तळली. सकाळच्या पहिल्या खेपेचा बेकरी बर्गर आणि संध्याकाळी सातला त्याच कपाटात उरलेला बर्गर हे दोन वेगळे पदार्थ असतात.

साखळ्यांचा गुण म्हणजे सातत्य. मॅकडोनाल्ड्सने १९९६ साली भारतात, दिल्लीच्या वसंत विहारमध्ये, पहिले दुकान उघडले तेव्हापासून मेनूत गोमांस आणि डुकराचे मांस ठेवलेले नाही. सुरुवातीचा महाराजा मॅक मटणाचा होता, पुढे तो कोंबडीचा झाला. त्यांची आलू टिक्की बारकाईने पाहण्यासारखी आहे: कुरकुरीत आवरण, कच्चा कांदा, टोमॅटो आणि आंबट-गोड सॉस, म्हणजे स्टार्चवर स्टार्च या अडचणीवर शोधलेले अगदी नेमके उत्तर. बर्गर किंग २०१४ मध्ये आले. साखळीच्या दुकानात शहरातील एका शाखेची दुसरीशी तुलना करावी, कारण कृती सर्वत्र तीच असते आणि फरक दिसतो तो गर्दीचा, तेलाचा आणि बन किती वेळ शेकला याचा. १९९२ पासून पुण्याच्या कॅम्पमध्ये बर्गर किंग याच नावाने चालणाऱ्या स्थानिक दुकानाचा अमेरिकी कंपनीशी २०११ मध्ये सुरू झालेला दावा पुण्याच्या न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाली काढला आणि नंतर तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. पुणेकर पाहुण्याला ‘बर्गर किंग’ला भेटू या असे सांगताना पत्ता नीट द्यावा, आणि दोहोंची तुलना करू नये, एक साखळी आहे, दुसरे जुने गल्लीतले दुकान.

दुसरा नियम: प्रत्येक ठिकाणी सर्वांत साधा बर्गर मागवावा. चीज, कांदा, लोणचे, सॉस एवढाच. ट्रफल, पेरीपेरी किंवा कांद्याच्या भज्यांचा डोंगर घातलेल्या बर्गरमधून पॅटीची पारख होत नाही. तो ताटात आल्यावर आधी वरचा बन उचलून पाहावे: कापलेली बाजू शेकलेली आहे का? चीज पॅटीवर वितळले आहे की नुसते ठेवले आहे? मग पॅटीची कड पाहावी. कड एकसारखी गोल आणि फिकट असेल तर पॅटी बहुधा साच्यातली, गोठवलेली आहे. कड वेडीवाकडी आणि गडद असेल तर ती तिथेच दाबली आहे. पहिल्या घासानंतर बर्गर ताटात ठेवून पाच मिनिटांनी खालचा बन पाहावा. तो रसाने थोडा ओला झाला असेल तर चालेल, फाटला असेल तर बांधणी चुकली.

मेनूवर लिहिलेले पॅटीचे वजन सहसा कच्चे असते, आणि शिजताना त्यातले पाणी व चरबी जाऊन ते बरेच घटते. किंमत तोलताना पॅटीच्या कच्च्या वजनाने किमतीला भागावे. फ्रेंच फ्राइज आणि पेय धरून केलेला हिशेब नेहमी दुकानाच्या बाजूने झुकतो. वजन लिहिलेले नसेल तर विचारावे. पातळ पॅटीच्या दुकानात गर्दीच्या वेळी जावे, कारण तेव्हा तवा सतत तापलेला असतो. जाड पॅटी देणाऱ्या ठिकाणी उलट, गर्दी टाळावी, कारण घाईत तिचे आतले तापमान पाहिले जात नाही.

घरपोच मागवलेल्या बर्गरवरून दुकानाचे मत बनवू नये. डब्यातल्या वाफेत वीस मिनिटांत सर्वोत्तम बनही लगदा होतो, आणि कुरकुरीत टिक्की तर सर्वांत आधी बळी पडते. मागवायचाच असेल तर सॉस आणि टोमॅटो वेगळे द्यायला सांगावे, घरी आल्यावर बन उघडून कोरड्या तव्यावर अर्धे मिनिट शेकावा, पॅटी दुसऱ्या बाजूला गरम करावी आणि मग पुन्हा बांधावे. मायक्रोवेव्हमध्ये सबंध बर्गर ठेवला तर लेट्यूस शिजते, बन चिवट होतो आणि चीज तेवढे गरम होते.